चिमटा नेहमी जिंकतो

तुलनेचं काम मोजणीबाईकडे आलं त्याच दिवशी तुलनेचा निकालही आला. निकाल रंगीत होता, गुळगुळीत कागदावर छापलेला होता, आणि त्यात म्हटलं होतं की कंपनीच्या नव्या पेटीत बसवलेला ‘चिमटा’ सर्व स्पर्धकांपेक्षा सरस ठरला आहे.

‘‘फक्त आकडे तेवढे राहिलेत,’’ साहेब म्हणाले. ‘‘तेवढे तुम्ही भरा.’’

‘‘आणि मोजल्यावर चिमटा सरस नाही निघाला तर?’’

‘‘मॅडम, तो दरवर्षी निघतो. तुम्ही या कामाला यंदा नव्या आहात म्हणून विचारताय.’’

मोजणीबाई हे तिचं नाव नव्हे. खात्यात आल्याआल्या तिनं चहाच्या यंत्रातून येणारा प्रत्येक कप अर्धाच का भरतो ते मोजून दाखवलं होतं. तेव्हापासून कप पूर्ण भरायला लागला आणि तिला हे नाव पडलं. नाव ठेवणारे तोच चहा पीत होते.

कंपनी फाइली साठवायच्या पेट्या बनवायची. पेटी म्हणजे कपाटाएवढा लोखंडी सांगाडा, आत डिस्कांच्या रांगा, आणि कुठे काय ठेवलंय हे लक्षात ठेवणारी फाइल सिस्टिम. कोणी फाइल ठेवायला दिली की पेटी ती गुपचूप दाबून लहान करायची आणि कोणी मागितली की पुन्हा फुगवून हातात द्यायची. देणाऱ्याला आणि मागणाऱ्याला याचा पत्ताही लागता कामा नये. दाबणं सोपं आहे, ते कोणीही करतं. पत्ता लागू न देणं अवघड. म्हणून पेटीत बसवायची दाबणी, म्हणजे फाइल दाबणारा प्रोग्रॅम, चपळ लागते.

यंदा स्पर्धेत तिघं होती. पहिली ‘उडती’. ती बाहेरची, फुकट मिळणारी. फाइलवर उडती नजर टाकायची, दाबण्याजोगं सापडलं तर दाबायची, नाही सापडलं तर मुकाट्यानं तशीच ठेवून द्यायची. दुसरी ‘मधली’, तीही बाहेरचीच. ती थोडा अधिक विचार करायची आणि थोडा अधिक वेळ घ्यायची. तिचं कौतुक सगळे करत आणि बाजू कोणीच घेत नसे. मधल्या भावंडाचं होतं तसंच. तिसरा चिमटा, तो घरचा. खात्यातल्या थोरल्या सरांनी तरुणपणी लिहिलेला आणि त्यानंतर दरवर्षी थोडा थोडा तासलेला.

थोरल्या सरांनीच मोजणीबाईला हे शास्त्र शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, ‘‘दाबणी म्हणजे काय? नातेवाइकांच्या गप्पा. तीच गोष्ट पुन्हा निघाली की ‘हे मागे सांगून झालंय’ एवढंच म्हणायचं आणि पुढं जायचं. घरात असं कोणी म्हणत नाही, म्हणून पाहुणे रात्री जेवूनच जातात.’’

सर या महिन्याअखेर निवृत्त होणार होते. निरोपाला लोक घड्याळ देतात, शाल देतात. साहेबांनी ठरवलं की सरांना अमरत्व द्यायचं, म्हणजे चिमटा नव्या पेटीत कायमचा बसवून टाकायचा. ‘कायमचा’ हा शब्द साहेबांनी भावनेच्या भरात वापरला असला तरी तो शब्दशः खरा होता. एकदा पेटी भरली की आतल्या फाइली चिमट्यानं दाबलेल्याच राहणार आणि त्या उघडायला चिमटाच लागणार.

आणि पहिली पेटी जायची होती मोठ्या इस्पितळाच्या स्कॅन विभागात. तिथं मोजणीबाईची थोरली बहीण डॉक्टर होती. पेटीतून येणारी चित्रं बघून कोणाच्या डोक्यात रक्त साचलंय आणि कोणाच्या नाही हे सांगणं, हे ताईचं काम.

मोजणीबाईनं रीतसर मोजणी सुरू केली. रीत अशी होती की प्रत्येक दाबणीची परीक्षा ‘नमुन्या’वर घ्यायची. नमुना ही एक भलीथोरली फाइल होती आणि कंपनीइतकीच जुनी होती. तिच्यात सुरुवातीच्या काळातला पत्रव्यवहार होता, यंत्रांचे आराखडे होते, संस्थापकांचा हात मिळवतानाचा फोटो होता, आणि ‘आपणांस झालेल्या तसदीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य इतक्या वेळा होतं की कंपनीचा धंदा नेमका कशाचा असा वाचणाऱ्याला प्रश्न पडावा.

चिमट्यानं नमुन्याचा पार चुरगाळा केला. उडतीला आणि मधलीला तो जवळपासही फिरकू देईना. पुन्हा फुगवतानाही तोच पुढे.

‘‘बघा,’’ साहेब म्हणाले. ‘‘मी काय सांगत होतो?’’

मोजणीबाईला आनंद व्हायला हवा होता. पण हुशार मुलाला शंभरपैकी नव्वद पडले तर कौतुक वाटतं आणि शंभरपैकी एकशेदहा पडले तर शाळेत जाऊन चौकशी करावीशी वाटते.

घरी नवरा गणिताचे पेपर तपासत बसला होता. तो शाळेत शिकवायचा, आणि स्वयंपाकघरातलं टेबल अर्धं त्याच्या गठ्ठ्यांनी आणि अर्धं भाजीनं व्यापलेलं असायचं. मोजणीबाईनं भाजी चिरता चिरता त्याला सगळं सांगितलं.

‘‘थांब,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे दरवर्षी तोच पेपर?’’

‘‘तोच.’’

‘‘आणि विद्यार्थीही दरवर्षी तोच?’’

‘‘बाहेरच्या दोघी बदलतात. चिमटा तोच.’’

‘‘आणि तो पहिला येतो याचं तुम्हा शास्त्रज्ञांना नवल वाटतं?’’

‘‘नवल नाही वाटत. बक्षीस देतात.’’

‘‘आमच्याकडे याला पेपरफुटी म्हणतात,’’ तो म्हणाला आणि कोणाच्या तरी उत्तरावर लाल गोल काढला. ‘‘पण आम्ही काय, साधे मास्तर.’’

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ताईकडे गेली. ताईची खोली तळघरात होती. भिंती करड्या, खिडकी नाही, दिवे मुद्दाम मंद, कारण उजेडात पडद्यावरचं करडं करड्यापासून वेगळं दिसत नाही. तीन पडदे, एक खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला लोकरी कोट. यंत्रांना गरम होऊ नये म्हणून ताईला थंडी वाजायची असा तिथला नियम होता.

‘‘ये, छोटे. डबा खाल्लास का? नाही ना? खा माझा. मला वेळ नाही.’’

‘‘ताई, चित्र उघडायला किती वेळ चालेल तुला?’’

‘‘चालेल म्हणजे? अगं, अपघातातला माणूस तिकडे टेबलावर पडलेला असतो. सर्जन हातमोजे घालून माझ्या मानगुटीवर उभा असतो आणि दर श्वासाला ‘काय दिसतंय’ विचारतो. एका डोक्याचे शेकडो काप असतात, मला ते सरसर वरखाली फिरवायचे असतात. मध्येच पडदा अडला की त्याला काय सांगू? पेटी विचार करतेय?’’

‘‘आताची पेटी अडते?’’

‘‘आताची भरलीये, बाकी काही तक्रार नाही. तुमची नवी येणार, जास्त मावणार, असं तो तुमचा साहेब येऊन सांगून गेला. हसतमुख माणूस. एवढं हसणाऱ्याचा मी आधी स्कॅन काढते.’’

मोजणीबाईला परीक्षेसाठी चित्रं हवी होती, पण आजारी माणसांची चित्रं अशी हातोहात देता येत नाहीत. ताईनं प्लॅस्टिकच्या डोक्याची दिली. यंत्र नीट चालतंय का ते तपासायला इस्पितळात एक प्लॅस्टिकचं डोकं असतं. रोज सकाळी त्याचा स्कॅन निघतो. ‘‘विभागातला सगळ्यांत शहाणा पेशंट,’’ ताई म्हणाली. ‘‘हलत नाही, रडत नाही, आणि त्याचे नातेवाईक येत नाहीत.’’

प्लॅस्टिकच्या डोक्यावर चिमट्याची पार शोभा झाली.

झालं असं. स्कॅनचं यंत्र चित्रं बाहेर देतानाच दाबून देत होतं. पिळून वाळत घातलेल्या कपड्यातून आणखी पाणी ते काय निघणार? उडतीनं पहिल्या काही तुकड्यांवर नजर टाकली, काही हाती लागत नाही हे ओळखलं आणि चित्र जसंच्या तसं ठेवून दिलं. मागितलं तेव्हा तसंच उचलून दिलं, फुगवायचा प्रश्नच नव्हता. मधलीनं थोडी खटपट केली आणि मग तिनंही हात टेकले. चिमटा मात्र हटला नाही. त्यानं प्रत्येक तुकडा उलटापालटा केला, पिळला, पुन्हा पिळला, आणि दर तुकड्यामागे मोहरीएवढी जागा वाचवली. तेवढ्यासाठी तुकडा चिमट्याच्या पद्धतीनं बांधला गेला, आणि परत देताना तितक्याच कष्टानं सोडवावा लागला. चित्रं फिरवताना पडदा अडत होता, सुटत होता, पुन्हा अडत होता.

मोजणीबाईनं मोजणी तीनदा केली. मग ती थोरल्या सरांच्या खोलीत गेली. सर निवृत्तीची आवराआवर करत होते, म्हणजे एका खोक्यातल्या वस्तू दुसऱ्या खोक्यात ठेवत होते.

‘‘सर, चिमट्याच्या पोटात तो आयता शब्दकोश आहे ना, नेहमी येणाऱ्या तुकड्यांचा, तो कशावरून बनवला?’’

‘‘नमुन्यावरून,’’ सर सहज म्हणाले. ‘‘आणखी कशावरून बनवणार?’’

लपवाछपवी काहीच नव्हती. चिमट्याच्या पोटात ‘तसदीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ अख्खं बसवलेलं होतं. संस्थापकांच्या फोटोतलं निळं आकाश बसवलेलं होतं. दरवर्षी सर एखादा बदल करायचे, नमुन्यावर चालवून बघायचे, आकडा सुधारला तर बदल ठेवायचे आणि बिघडला तर काढायचे. हे सगळ्यांच्या समोर चालायचं, आणि सगळे माना डोलवायचे. कंपनीत इतके पदवीधर होते, की एकानं प्रश्न विचारला तर उरलेल्यांच्या पदव्यांचा अपमान झाला असता. मोजणीबाईनंही इतकी वर्षं मान डोलावलीच होती.

‘‘आणि एवढीशी जागा वाचत असेल तरी तो तुकडा बांधूनच ठेवतो?’’

‘‘वाचला बाइट तो वाचला बाइट,’’ सर म्हणाले. ‘‘प्रयत्न सोडणं त्याला मी शिकवलं नाही. का गं?’’

तिनं स्कॅनची गोष्ट सांगितली. सरांनी ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘प्लॅस्टिकचं डोकं. खऱ्या डोक्यावर बघायला हवं.’’ मग पुन्हा खोक्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते, एवढं तिला दिसलं.

साहेबांनी मात्र चुटकीसरशी तोडगा काढला.

‘‘सरासरी काढा,’’ ते म्हणाले.

‘‘कशाची?’’

‘‘नमुन्याचा आकडा आणि या डोक्याचा आकडा. दोन्हींची. चिमटा वरच राहील.’’

‘‘साहेब, इस्पितळात नमुना नसणार. तिथं फक्त डोकीच असणार.’’

‘‘मॅडम, प्रत्येक ग्राहकाकडे वेगळं काहीतरी असतं. आपण ग्राहकाग्राहकाप्रमाणे निकाल बदलायला लागलो तर आपल्या तुलनेवर विश्वास कोण ठेवेल?’’

काही वाक्यं इतकी घट्ट दाबलेली असतात, की त्यांतून अर्थ बाहेर काढायला जन्म जावा. मोजणीबाई एवढंच म्हणाली, की पेटी स्वीकारण्याआधी इस्पितळाची माणसं चाचणीला येणार आहेतच, तर त्या दिवशी दोन पेट्या शेजारी ठेवू, एकीत चिमटा, दुसरीत उडती. कुठलीत काय ते सांगायचं नाही, त्यांनी वापरून बघावं. साहेबांना कल्पना फार आवडली, कारण चिमटा जिंकताना ग्राहकानं डोळ्यांनी बघावा याहून मोठी जाहिरात कोणती? थोरल्या सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘हरकत नाही,’’ आणि खोलीचं दार लावून घेतलं.

चाचणीला ताईच आली. त्यांच्या विभागातून बाहेर पडायला एका वेळी एकालाच सवड मिळायची, आणि त्या दिवशी ती तिला मिळाली होती. चाचणीच्या खोलीत पंख्यांचा घों घों आवाज होता. दोन्ही पेट्यांवर काळं कापड घातलेलं, समोर दोन पडदे आणि दोन माऊस. साहेबांनी स्वागत केलं. ताईनं त्यांच्या हसण्याकडे दोन क्षण निरखून पाहिलं.

तिनं आपल्यासोबत चित्रं आणली होती. या वेळी प्लॅस्टिकची नव्हेत; परवानगी घेऊन, नावं पुसून आणलेली खऱ्या माणसांची डोकी. दोन्ही पेट्यांत ती भरली गेली. मग ती डाव्या पडद्यासमोर बसली आणि डोक्याचे काप भराभर वरखाली करू लागली. कवटी, मेंदू, पोकळ्या, पुन्हा कवटी. तिचे डोळे एका जागी स्थिर होते आणि फक्त बोट फिरत होतं.

‘‘ठीक आहे,’’ ती म्हणाली.

‘‘ठीक म्हणजे?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘ठीक म्हणजे पेटी आहे हे मला जाणवलं नाही.’’

मग ती उजवीकडे सरकली. पहिले काही काप आले. मग पडदा अडला. तिचं बोट तसंच फिरत राहिलं, चित्र मागे राहिलं, मग एकदम सात-आठ काप उडी मारून पुढे आलं आणि पुन्हा थांबलं. ती एक काप शोधत होती, तो दोनदा हातातून निसटला.

‘‘हा बंद पडलाय का?’’

‘‘नाही, नाही,’’ साहेब म्हणाले. ‘‘आत फार प्रगत प्रक्रिया चालू असते.’’

‘‘चालू द्या. मी तोवर काय करू?’’

‘‘या पेटीत जागा जास्त वाचते, डॉक्टर.’’

‘‘किती?’’

साहेबांनी मोजणीबाईकडे पाहिलं. तिनं खरं ते सांगितलं. ‘‘हजार डोक्यांमागे पाच-सहा डोक्यांची.’’

ताई खुर्चीतच वळली. ‘‘म्हणजे पाच-सहा डोकी जास्त ठेवायला मिळावीत म्हणून हजारांना थांबवायचं? हे कोणी ठरवलं?’’

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि कशासाठी काढला ते विसरले. मोजणीबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मागून आवाज आला.

‘‘मी,’’ थोरले सर म्हणाले.

ते केव्हा आत आले ते कोणाला कळलं नव्हतं. ते ताईच्या खुर्चीमागे आले, थेट मानगुटीशी, जिथं सर्जन उभा राहत असे. ‘‘पुन्हा करून दाखवता का?’’

ताईनं पुन्हा केलं. पडदा पुन्हा अडला. सरांचं बोटही हवेत तिच्या बोटाबरोबर फिरत होतं, आणि चित्र थांबलं की तेही थांबत होतं.

‘‘तुम्ही काय शोधताय?’’

‘‘इथं, कडेला. ही पांढरी रेघ. या बाईच्या डोक्यात रक्त होतं. हा एक काप दिसला म्हणून ती आज घरी आहे.’’

सरांनी तो काप यायची वाट पाहिली. तो आला. मग त्यांनी वाकून, तिच्या हातावरून हात नेत, सेटिंगांचा पडदा उघडला, चिमट्यापुढची खूण काढली आणि उडतीपुढे केली.

‘‘सर, तुमचा निरोप…’’ साहेब म्हणाले.

‘‘मला शाल आणा,’’ सर म्हणाले. ‘‘थंडी आहे इथं.’’

ताई गेली. साहेब तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले, आणि उडती हीच कशी त्यांची पहिल्यापासूनची पसंती होती हे सांगणारा त्यांचा आवाज जिन्यावरून बराच वेळ ऐकू येत होता. खोलीत सर आणि मोजणीबाई उरले.

सरांनी एक स्टूल ओढलं. ‘‘अगं, ही डोक्यांची चित्रं मला दे. प्लॅस्टिकचीसुद्धा चालतील.’’

‘‘कशाला, सर?’’

‘‘शब्दकोश नव्यानं बनवतो. तुकडे बांधायची रीतही बदलतो. महिना संपायला अजून आठवडा आहे.’’

‘‘देणार नाही.’’

सरांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना नाही म्हटल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

‘‘का?’’

‘‘दिली तर आठवड्यात तुम्ही जिंकाल.’’

सर हसले, अगदी थोडं, एका गालानं.

‘‘जिंकेन,’’ ते म्हणाले. ‘‘याच डोक्यांवर जिंकेन. आणि पुढच्या इस्पितळात पुन्हा पडदा अडेल.’’

‘‘हो, सर.’’

‘‘तुला फारच चांगलं शिकवलं मी. चूकच झाली.’’ ते उठू लागले आणि अर्ध्यावर थांबले. ‘‘बरं, ती उडती. तिचा प्रोग्रॅम सगळ्यांना बघता येतो ना?’’

‘‘येतो.’’

‘‘मग चित्रं राहू देत, तो दाखव. सोडून द्यायचं हे ती नेमकं कुठं ठरवते, ते मला बघायचंय.’’

मोजणीबाईनं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि ती जागा काढून दिली. चारपाच ओळी होत्या. सरांनी त्या वाचल्या, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचल्या.

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

‘‘सरक जरा,’’ सर म्हणाले, आणि त्यांनी स्टूल पडद्याजवळ ओढून घेतलं.